शिंपडलेलं पुस्तक

पुस्तकावर पाणी शिंपडून ते घरात घेतलेलं तुम्ही कधी पाहिलंय का?

सरपणाची मोळी नव्हे. केरसुणी नव्हे. पुस्तक. छापलेलं, शिवलेलं, बत्तीस पानांचं पुस्तक.

मी पाहिलंय. वाटूरला, भर दुपारी, दहा-बारा शिकलेल्या माणसांच्या देखत. पुस्तक माझं होतं.

त्या गावात नवं वाचनालय निघालं होतं. माझ्या पुस्तकाच्या जाहिरातीचं पत्रक मी जालन्याहून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या हाती गावोगाव धाडत होतो, त्यातलं एक तिथल्या शाळेच्या मास्तरांना मिळालं. पत्रकात पुस्तकातला एक उतारा होता. मास्तरांचं कार्ड आलं. 'आपल्या पुस्तकाच्या दहा प्रती घेऊन समक्ष यावे. वाचनालयातर्फे आपला सत्कार करण्याचे योजिले आहे.' ते कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. 'आपल्या' आणि 'आपला'. तोवर मला कुणी आपण म्हटलेलं नव्हतं.

दहा प्रती फडक्यात बांधल्या आणि मोटारीनं गेलो. फाट्यावर मास्तर स्वतः उभे. तरुण माणूस, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. माझ्या हातातलं गाठोडं घ्यायला त्यांनी हात पुढं केला. मीच संकोचलो. म्हणालो, "राहू द्या, जड नाही." त्यांचा तो पुढं आलेला हात लक्षात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

वाचनालय म्हणजे गावातल्या एका मोठ्या जमीनदाराची ओसरी. सगळे त्यांना मालक म्हणत. एक कपाट, दोन सतरंज्या, भिंतीवर सरस्वतीची तसबीर. मालक वाचनालयाचे अध्यक्ष. पांढरंशुभ्र धोतर, हसरा चेहरा. मला गादीवर बसवलं. ताटात झेंडूचा हार ठेवलेला होता.

"निजामाच्या टायमाला आम्ही चोरून पत्रकं वाचायचो बरं का," मालक म्हणाले. "तुमचं पत्रक वाचलं अन् तीच याद आली. काय भाषा हाय! बिलकुल तिखट."

मी खाली पाहून हसलो.

मालकांनी चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत तो प्रश्न आला. आपल्याकडे पाण्याच्या तांब्याआधी येतो तोच.

"केदारखेडकर म्हंजे केदारखेड्याचे. बराबर. पण कोणापैकी आपण? आमची सोयरीक हाय तिकडं, म्हणून इचारतो."

पुस्तकावर माझं नाव होतं, पुढं केदारखेडकर. गावाला लावलेला 'कर' कुणालाही शोभतो. मी गावातलं एखादं बडं घर सांगून वेळ मारून नेऊ शकलो असतो. गावातली सगळी घरं माझ्या बापाला तोंडपाठ आहेत, मलाही आहेत. पण मला वाटलं, ह्यांनी उतारा वाचलाय. भाषा आवडलीय. आता कशाला लपवायचं?

म्हणालो, "मी मांगवाड्यातला. माझे वडील गावची हलगी वाजवतात."

कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. मालकांचं हसू गेलं नाही, जिथं होतं तिथंच वाळलं. माझ्याशेजारी बसलेला एक जण उठून खांबाला टेकला, जणू त्याला पायाला मुंग्या आल्या होत्या. मग मालक म्हणाले,

"असं व्हय. मंग खाली बस की जरा. गादी मळती."

आपण गेलं. तुम्हीसुद्धा गेलं. एका वाक्यात. मी खाली बसलो.

"मास्तर, हार तसबिरीला घाला," मालक म्हणाले. मास्तरांनी सरस्वतीला हार घातला. चहा आलाच नाही.

"बुकं आणलीस न? ठेव तिथं उंबऱ्याखाली."

मी ठेवली. का ठेवली, हे मी स्वतःला अजून विचारतो. हात आपोआप गेले. ठेवून मी चार पावलं मागंसुद्धा सरलो. कुणी सर म्हटलं नव्हतं.

मालकांनी आत हाक दिली. तांब्या आला. चार बोटं पाण्यात बुडवून त्यांनी पुस्तकांवर पाणी शिंपडलं. रागानं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पान खाताना चुना लावावा, तसं. गप्पा मारता मारता.

ती चार बोटं माझ्या ओळखीची होती.

माझी आय केरसुण्या वळायची. गावात विकायला न्यायची तेव्हा मी तिच्या मागं असायचो. केरसुणी दारात खाली ठेवायची, मागं सरायचं. घरातली बाई बाहेर येणार, पाणी शिंपडणार, मग उचलणार. मी एकदा आयला विचारलं, पाणी का मारतात? आय म्हणाली, "पाण्यानं केरसुणी मजबूत व्हती, बाबा." मला ते खरं वाटलं. दहा वर्षांचा होईपर्यंत मी समजत होतो की केरसुणीला पाणी लागतंच. आमच्या घरातल्या केरसुणीवर मी स्वतः पाणी मारायचो. आय नुसती बघायची.

पण पुस्तक म्हणजे केरसुणी नव्हे. कव्हर होतं लाल पतंगी कागदाचं. स्वस्त म्हणून घेतलेलं. पतंगी कागदाचा रंग पाण्यानं सुटतो. मालकांनी वरचं पुस्तक उचललं, मांडीवर ठेवलं, उघडलं, आणि त्यांच्या पांढऱ्या धोतरावर तळव्याएवढा लाल डाग उमटला. बोटं लाल झाली. झटकायला गेले तर डाग पसरला.

"ह्याच्या मायला! रंग सोडून राह्यलं की हे!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "मालक, औंदा शिमगा लवकर आला."

"हसतो काय भाड्या! पाणी आण." मग माझ्याकडं पाहून, "उचल तुजी रंगपंचमी. जल्दी."

मित्रांना ही हकीकत सांगतो तेव्हा इथं ते हसतात. म्हणतात, बरी जिरली. मला तेव्हा हसू आलं नाही. मी बघत होतो वरच्या पुस्तकाकडं. कागद फुगून सुरकुतला होता आणि त्याच्यावरचं माझं नाव वाकडं झालं होतं.

अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे, हे त्या ओसरीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण तक्रार तरी काय करणार? पाणी माझ्यावर शिंपडलं नव्हतं.

गाठोडं बांधून मी फाट्यावर आलो. परतीच्या मोटारीला दोन तास होते. एका दगडावर बसलो. पुस्तकं उन्हात एक एक करून उघडी ठेवली, वाळायला. येणारे-जाणारे बघायचे. एक बैलगाडीवाला थांबून म्हणाला, "पापड हायेत व्हय?" म्हणालो, "बुकं." तो गेला.

पुस्तक लिहिताना माणूस एकटा असतो, पण पुस्तक सोबतीला असतं. ते विकायला निघालं की माणूस पुस्तकासकट एकटा होतो. हे मला त्या दगडावर कळलं.

मी शाळेत चार इयत्ता शिकलो. बाकी सगळं शिकलो ते पत्रकांवर. निजामाच्या शेवटच्या दिवसांत चळवळीतली माणसं माझ्या बापाकडं पत्रकांचे गठ्ठे देत. दवंडीवाला गल्लीबोळांत फिरतो, त्याला कोण अडवणार? बा ती घोंगडीखाली घेऊन दारोदार सरकवायचा. त्याला वाचता येत नव्हतं. प्रत्येक गठ्ठ्यातलं एक पत्रक तो माझ्यासाठी ठेवायचा. "बघ रं, काय म्हणत्यात." मी अक्षर अक्षर लावून सांगायचो. गुलामी, हक्क, जुलूम, स्वातंत्र्य. बा मान हलवायचा. त्या शब्दांत आम्ही येतो, असं आम्हा दोघांनाही वाटायचं.

पुढं जालन्याला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. छापखान्याचे शेठजी मारवाडातून आलेल्या घराण्यातले, पिढ्यांपासून जालनेकर. माणूस मनानं बरा. मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं तर त्यांनी सुट्टीच्या दिवशी यंत्र वापरू दिलं, कापून उरलेला कागद दिला. पुस्तकाचं नाव मी ठेवलं 'आमचं बी ऐका'. आमच्या वस्तीची हकीकत. आयच्या केरसुण्या, बाची हलगी. कव्हर जुळवलं तेव्हा माझं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. ज्या आडनावावरून कुणालाही काही विचारावं लागत नाही ते आडनाव.

शेठजींनी छापून काढलेला नमुना हातात घेतला. चष्मा वर केला.

"बेटा, पुस्तक लोक नंतर वाचतात. पहिले नाव वाचतात."

"मग?"

"मग काय? माल वही ठेव, बारदाना बदल. गावाचं नाव लाव. केदारखेडकर. झकास वाटतंय की नाही?"

धान्य तेच, पोतं दुसरं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की पुस्तक खपावं. मी चिमट्यानं माझ्या आडनावाचा एकेक खिळा उपसला आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकला. माझ्या बापाचं नाव होतं ते. टाकताना आवाज येतो, टिक्, टिक्.

मग पुस्तकाची जाहिरात सुरू केली. कणकेच्या खळीनं पत्रकं भिंतींवर चिकटवली. शेळ्या खळीपायी पत्रकं खाऊन गेल्या. एका पुस्तकाच्या दुकानदारानं दोन प्रती ठेवून घेतल्या आणि पंचांगांच्या गठ्ठ्याखाली दाबल्या. आठ दिवसांनी गेलो तर त्यालाच सापडेनात. पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या यात्रेत बसलो, एका बाजूला बत्तासे, दुसऱ्या बाजूला बांगड्या. माणसं वाकायची, पुस्तक हातात घ्यायची, विचारायची, "देवीची कहाणी हाय का?" नाही म्हटलं की ठेवून द्यायची. दिवसभर मी सोडून त्या यात्रेत कुणी एकटं नव्हतं. संध्याकाळी एका म्हाताऱ्यानं कागद बोटांनी चाचपला. म्हणाला, "कागद बरा हाय. तंबाखू बांधाया कामी येईल." मी त्याला पुस्तक दिलं. ते अजून सलतं.

म्हणून वाटूरच्या कार्डानं मी वेडा झालो होतो. ते पहिलं वाचनालय होतं. माझं पुस्तक कपाटात उभं राहणार होतं, कुणीतरी हात लांब करून ते काढणार होतं.

पुस्तकं जवळजवळ वाळली होती. तेवढ्यात मास्तर आले. धापा टाकत, आजूबाजूला बघत.

"मनावर घेऊ नका," म्हणाले. "मालक तसे वाईट नाहीत. पण वाचनालय त्यांच्या ओसरीत. मी नोकरीचा माणूस. काय करणार?"

मी एक पुस्तक उलटून उन्हात ठेवलं.

"तुम्ही पत्रकात दिलेला तो उतारा. आईचा. पाण्यानं केरसुणी मजबूत होते. आम्हाला सगळ्यांना ती कुणीतरी रचलेली गोष्ट वाटली होती. मी वर्गात वाचून दाखवला. खरं सांगतो, घशात दाटलं माझ्या."

मी वर पाहिलं. तोवर माझ्या लिहिण्यानं कुणाच्या घशात काही दाटल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या क्षणी मी त्यांना सगळी पुस्तकं दिली असती.

"एक करू," मास्तर आवाज बारीक करून म्हणाले. "दोन प्रती द्या. मी कव्हर फाडून टाकतो. नावाचं पान काढतो. नुसत्या मजकुराला कोण विचारतंय, कोणापैकी? दुसरं कव्हर घालून कपाटात लावून देतो. लोक वाचतील. तुम्हाला वाचकच पाहिजेत ना?"

असं म्हणून त्यांनी खिशातून रुमाल काढला. नीट घडी उलगडली आणि दोन्ही हातांवर पसरून माझ्यासमोर धरला. पुस्तकं टाकायला.

मी उतरलो तेव्हा ह्याच जागी त्यांनी हात पुढं केला होता. मोकळा.

मास्तरांना ते कळलंसुद्धा नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या आणि हातांवर रुमाल होता.

"मास्तर," मी म्हणालो, "रुमाल खिशात ठेवा."

"अं?"

"रुमाल ठेवा अन् हात पुढं करा. दहाच्या दहा देतो. फुकट देतो. कव्हर फाडा, न्हाईतर जाळा."

त्यांनी रुमालाकडं पाहिलं. मग कळलं. चेहरा उतरला. रस्त्यावर दोन-तीन माणसं होती, मोटारीची वाट बघत. मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलं. हात रुमालाखालीच राहिले.

"समजून घ्या हो," म्हणाले.

"समजलं," मी म्हणालो. "न्हाई देत."

मी पुस्तकं गोळा केली, गाठोडं बांधलं. त्यांच्याकडं पाठ करून मोटार येईपर्यंत उभा राहिलो. ते कधी गेले माहीत नाही.

मोटारीत मला मालकांचा राग येत नव्हता. मास्तरांचाही नाही. राग येत होता तो माझा. मास्तर जे फाडायला निघाले होते, ते फाडायला सुरुवात कुणी केली होती? आडनाव कुणी उपसलं होतं? मालकांनी तांब्या मागवायच्या कितीतरी आधी, जालन्यात, स्वच्छ उजेडात, स्वतःच्या हातानं मी माझ्या पुस्तकावर पाणी शिंपडलं होतं. आणि कव्हरही असं निवडलं होतं की रंग जावा.

पुढच्या सुट्टीला छापखान्यात गेलो. एकटाच. उरलेल्या सगळ्या पुस्तकांची लाल कव्हरं फाडली. दिवसभर फाडत होतो. मग नवं कव्हर जुळवलं. नाटकाच्या जाहिरातीसाठी वापरतात ते मोठे लाकडी खिळे काढले. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. खाली गाव, आणि गावाच्या खाली वाडा. मांगवाडा. पुस्तकाचं नाव त्याच्याहून बारीक बसलं. बसू दे म्हटलं. कागद पांढरा घेतला. पांढऱ्यातून काही सुटत नाही.

शेठजींनी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

"खपणार नाही, बेटा."

"आता तरी कुठं खपून राह्यलं, शेठजी?"

ते हसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक बोलू? आता हे इथं, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर नको ठेवू. धंद्याची जागा आहे." मी पुस्तकं उचलली आणि केदारखेड्याला घरी आणली. आमच्या झोपडीत पुस्तकं आणि केरसुणीचा शिंदीचा पाला एकाच कोपऱ्यात. आय जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पाला बा वळत होता.

मी म्हणालो, "बा, उद्या माझ्या बुकाची दवंडी दे."

बानं हातातला पाला खाली ठेवला. "हुकूम कुणाचा?"

"माझा."

बा हसला. मोठ्यानं हसला, खोकला येईपर्यंत. "तुजा? आरं लेका, हलगी आपली आसली तरी आवाज गावचा आसतुय. जलम गेला वाजवून. एक थाप आपल्या मनानं मारली न्हाई. तुज्या आज्यानं बी न्हाई मारली."

"मंग एकदा मार."

"तुजी आय गेली तवा बी पाटलाला इचारून वाजवली म्या." तो आता हसत नव्हता. "चावडी काय म्हणंल? उद्या भाकर कोण घालंल? तुला तिकडं जालन्यात बरंय. मला हितं मरायचंय."

 

सकाळी उठलो तर बा घरात नव्हता. हलगी दारात होती. उन्हात, तोंड वर करून. कातडं ताणायला, वाजवायच्या आधी ठेवतात तशी. ती त्यानं माझ्यासाठी ठेवली होती की रोजच्या सवयीनं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी ती गळ्यात अडकवली.

दवंडीच्या जागा ठरलेल्या असतात. वेस, चावडी, मारुतीचा पार. लहानपणी बाच्या मागं मी त्या सगळ्या चाललो होतो, मुका. पारावर उभा राहिलो. तीन थापा मारल्या.

"ऐका हो ऐका!"

हलगी वाजली की गाव थांबतं. बायांनी घागरी उतरवल्या. न्हाव्याचा वस्तरा थांबला. दुकानातून माणसं बाहेर आली. पंधरा-वीस तरी जमली. यात्रेत, बाजारात, वाचनालयात जे झालं नाही ते झालं. माणसं गप्प राहून मी काय म्हणतो त्याची वाट बघायला लागली.

आणि मी अडलो. कारण 'ऐका हो ऐका'च्या पुढं काय येतं? पुढं हुकूम येतो. सरकारचा हुकूम हाय होऽऽ. पाटलाचा हुकूम हाय होऽऽ. बाच्या तोंडून मी हजारदा ऐकलेलं. ते वाक्य सोडून पुढं जायची वाटच माझ्या जिभेला ठाऊक नव्हती.

पारावरचा एक म्हातारा ओरडला, "आरं थांबलास का? हुकूम कुणाचा ते सांग की!"

मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. आडनाव सांगितलं, वाडा सांगितला. "ह्या माणसाचा हुकूम हाय होऽऽ. त्यानं बुक लिहिलंय. ते ऐका होऽऽ!"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं.

"हात्तिच्या! बुकाचं व्हय? मला वाटलं शेतसाऱ्याचं काय निघालं."

"हुकूम म्हणं! मांगाचा हुकूम! आज लईच चढली दिसती."

"चला रं, चला."

मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. आयचं पान. केरसुणी खाली ठेवायची, मागं सरायचं. वाचता वाचता दिसत होतं, घागरी उचलल्या गेल्या, वस्तरा चालू झाला. माझा आवाज पारावरून परत माझ्याकडंच येत होता. एक बाई तेवढी थांबली होती. पान संपलं तेव्हा ती पुढं आली, पदर पसरून. "टाक," म्हणाली. "माजं पोरगं साळंत जातंय. वाचंल."

"मावशी, हातात घ्या."

तिनं माझ्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं. मग मागं पाहिलं, दुकानाकडं. पदर हळूच आवरला आणि गेली. मला तिचा राग आला नाही. पण मी पदरात टाकलं नाही. यात्रेतल्या म्हाताऱ्याला दिलं होतं तसं दिलं असतं, तर त्या दिवशी एक पुस्तक गेलं असतं. एवढंच.

पार रिकामा झाला. मी बत्तिसावं पान होईपर्यंत वाचलं.

पुढची दवंडी गावानं बाला दिली नाही. शेजारच्या गावाहून दुसरा माणूस बोलावला. पाटलानं निरोप धाडला, "पोराला आवर, न्हाईतर हलगी खुंटीला लाव." बानं हलगी खुंटीला लावली.  दोन दिवसांनी पाला वळता वळता, खाली बघून म्हणाला, "तिसरी थाप चुकली तुजी. ती लांबवायची आसती. माणूस घरातून भाईर यायला येळ लागतुय."

म्हणजे त्यानं ऐकलं होतं. कुठंतरी उभं राहून.

आता मी तिसरी थाप लांबवायला शिकलोय. हलगी खुंटीवरून काढलीय. बाची भाकर तुटली ती माझ्यामुळं, तेव्हा जालन्यातल्या माझ्या कमाईतली अर्धी भाकर त्याची आहे, ती मी पोचवतो. आणि प्रत्येक सुट्टीला एका गावात जातो. वेस, चावडी, पार. हुकूम माझाच असतो. कव्हरावर नाव पूर्ण असतं. बहुतेक गावांत पुस्तक जात नाही. मी मोजत नाही. वाकून कुणाच्या उंबऱ्याखाली मी आता काही ठेवणार नाही. रुमालात, पदरात, सुपात टाकणार नाही. कुणी कितीही रडलं, तरी नाही. माझं पुस्तक ज्या दिवशी जाईल त्या दिवशी ते एका हातातून दुसऱ्या हातात जाईल, किंवा माझ्याच हातात राहील.

तुमच्याही गावाला मी येणार आहे. हलगी ऐकू येईल. मला हार घालू नका, चहा सांगू नका, लेखक म्हणून गादीवर बसवू नका. एकच करा. घरातून बाहेर या, लोकांच्या देखत माझ्यासमोर उभे राहा आणि हात पुढं करा. मोकळा. पुस्तक माझ्या हातातून घ्या आणि कव्हरासकट घरात न्या.

तेवढं होत नसेल तर दार लावून घ्या. मी पुढच्या दारी वाजवीन.